भोकपान्याचं पुनर्वसन

माझं लग्न होऊन मी जिंतूरला आले, तेव्हा आमच्या हॉलमध्ये एक झाड आधीपासून राहत होतं. त्यामुळे घरातली ज्येष्ठता पहिल्याच दिवशी ठरून गेली. आधी सासूबाई, मग झाड, मग आमचे हे, आणि त्यानंतर सोफ्यावर जागा उरली तर मी.

झाडाचं नाव मॉन्स्टेरा. हे अर्थात मी सांगितलं. (मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. वस्तूचं शास्त्रीय नाव सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.) घरात मात्र त्याला कुणी मॉन्स्टेरा म्हणत नसे. सुपाएवढी पानं आणि त्यांना जागोजागी भोकं, म्हणून आत्याबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं भोकपान्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात, नात्यातली असो की नसो.

मामंजी पोस्टात होते. निवृत्तीच्या दिवशी माणसं शाल-नारळ घेऊन घरी येतात. मामंजी कचेरीतल्या झाडाची एक फांदी ओल्या रुमालात गुंडाळून घेऊन आले. शाल बसमध्येच विसरले. पुढं दोन वर्षांनी मामंजी गेले. फांदी राहिली. ती सिमेंटच्या कुंडीत अशी काही माजली, की खिडकीचे गज धरत धरत पंख्यापर्यंत पोचली. आत्याबाई रोज सकाळी तिला पाणी घालायच्या आणि गावच्या बातम्या सांगायच्या. कोण आजारी आहे, कुणाचं लग्न मोडलं, कुणी घरावर मजला चढवला. मला त्या बातम्या ऐकायच्या असल्या तर झाडाजवळ झाडू मारत रेंगाळावं लागे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कुंडीतल्या मातीत चिलटं झाली आणि मला बुद्धी सुचली.

चिलटं चहात पडायची, वरणात पडायची, माझ्या तपासायच्या वह्यांवर स्वल्पविरामासारखी बसायची. त्यावर उपाय म्हणून मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक परदेशी बाई झाडाला मातीतून काढायची, मुळं धुवायची आणि भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत बसवायची. भांड्याच्या तळाशी थोडं पाणी. बस्स! माती नाही, चिलटं नाही. झाड आपल्याला लागेल तेवढं पाणी वर ओढून घेतं. बाईच्या अंगावर पांढरा शुभ्र शर्ट होता आणि शेवटपर्यंत तो पांढराच राहिला. (तिचं झाड वीतभर होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.)

मी व्हिडिओ दाखवत आत्याबाईंजवळ विषय काढला.

"कामून?" त्या म्हणाल्या. "काय झालंय त्याला? चांगलं तर हाय."

"मातीत चिलटं झालीत, आत्याबाई. म्हणून मातीतून काढून या गोळ्यांत लावायचं."

"कायचे गोळे हायत?"

"मातीचेच. पण भाजलेल्या."

"म्हंजी मातीतून काढून मातीतच लावायलीस की! निस्ती भाजून!"

"त्यात हवा खेळते."

"इथं बी खेळायलीय. पंखा हाय डोक्यावर."

माझं सगळं विज्ञान दोन मिनिटांत संपलं. आत्याबाईंचं माहेर राणीसावरगावचं, शेतीतलं. झाडाझुडपांच्या बाबतीत त्या मला पहिलीतली पोरगी समजतात. तरीही त्यांचा विरोध मला जरा जास्तच वाटला. "माती बदलायची तर म्या बदलते, पर तू त्या मातीला हात लावू नको," असं त्या दोनदा म्हणाल्या. मला वाटलं, मामंजींच्या आठवणीमुळे असेल. मग एके दिवशी त्यांच्याच मैत्रिणीच्या चहात तीन चिलटं एकदम पडली, आणि परवानगी मिळाली.

गोळे मागवले. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर शब्बीरभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्यांच्याकडून एक निळा प्लास्टिकचा ड्रम अर्ध्यात कापून घेतला. जास्तीचं पाणी बाहेर पडायला त्याच्या अंगाला एक भोक पाडायचं होतं, एक तृतीयांशावर. मी टेप लावून मोजलं आणि खडूनं खूण केली.

शब्बीरभाई खुणेकडे बघत राहिले. "मॅडम, इत्ता ऊपर?"

"बरोबर आहे. एक तृतीयांश."

"हौ, लेकिन..."

"शब्बीरभाई, मी गणितसुद्धा शिकवते."

त्यांनी मुकाट्यानं भोक पाडलं.

मुहूर्त रविवारचा धरला. त्याच दिवशी पालमला माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, दुपारी तीन वाजता. आम्हाला अकराची बस धरायची होती. सहाला सुरुवात केली तर आठपर्यंत झाड नव्या घरात, असा माझा हिशेब. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता, मी तर दोन तास दिले होते!

गोळे आदल्या दिवशी मोठ्या पातेल्यात भिजत घातले होते. रविवारी मी अंघोळ करून येते, तर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या आणि आमचे हे गॅससमोर उभे! हे कचेरीत कारकून आहेत. घरात वर्षातून एकदाच मदत करतात आणि कधी करायची ते विचारत नाहीत.

"अगं, हरभरे लय जून दिसायलेत," हे म्हणाले. "सात शिट्ट्या झाल्या, मऊच पडनात."

"कसले हरभरे?"

"ते भिजवलेले. प्रवासात उसळ होईल म्हणलं. मीठ-हळद टाकलीय. निम्मे तर किडकेच निघाले गं, वर तरंगायले होते. ते टाकून दिले."

"कुठं टाकले?"

"घंटागाडीत. आत्ताच गेली की."

मी कुकर उघडला. हळदीच्या पाण्यात माझे गोळे पिवळेधमक होऊन बसले होते. (नंतर मी व्हिडिओ पुन्हा बघितला. गोळे उकळून घ्यावेत असं त्यात खरंच सांगितलं होतं. हळदीबद्दल काही नव्हतं.) उरलेल्या निम्म्या जागेसाठी शेजारच्या बांधकामावरून विटांचे तुकडे आणायला मी यांनाच पिटाळलं.

आता मुख्य काम, झाड काढणं. ते निघेना. त्याच्या मुळ्यांनी खिडकीचे गज धरले होते, एकीनं टीव्हीची वायर धरली होती, आणि एक मुळी मामंजींच्या फोटोमागं जाऊन खिळ्याला वेटोळं घालून बसली होती. ती सोडवताना आत्याबाई फोटोला म्हणाल्या, "माजं काय चालत न्हाई बरं का. सुनेनं काढलंय." मग कुंडी फोडायला हातोडा लागला. तो आणि शब्बीरभाई असे दोन्ही आले. चौथ्या घावाला कुंडी फुटली. आत आमची अस्सल काळी माती, मुळ्यांच्या जाळ्यात आवळून दगड झालेली. चौघांनी मिळून ते धूड ओढत बाथरूममध्ये नेलं. शब्बीरभाई दुकानात परत गेले. जाताना म्हणाले, "लगे तो आवाज देना." माणूस अनुभवी.

हे आत उभे राहून झाड धरणार, मी नळीनं मुळं धुणार, अशी योजना होती. काळी माती पाणी लागल्यावर काय करते ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. दहा मिनिटांत बाथरूमची मोरी तुंबली. चिखल घोट्यापर्यंत आला. एवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. नळी यांच्या हातात देऊन मी बाहेर आले. पालमहून नणंदबाईंचा फोन होता.

"निघालात का वहिनी?"

"निघायलोच आहोत," मी म्हणाले, आणि मागं धप्प असा आवाज झाला.

आमच्या बाथरूमचं दार आत उघडतं. झाड घसरलं होतं आणि नेमकं दारावर आतून आडवं पडलं होतं. दार मिटलेलं, झाड दाराला टेकलेलं, आणि झाडापलीकडच्या कोपऱ्यात आमचे हे!

"अहो, ढकला झाड!"

"हलंना! पाय घसरायलाय!"

"आधी नळ तरी बंद करा!"

"नळ कुठंय तेच दिसंना! सगळी पानंच पानं हायत!"

आत्याबाई धावत आल्या. त्या साखरपुड्यासाठी तयार झाल्या होत्या. अंगावर मोरपंखी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. दाराला तोंड लावून त्या ओरडल्या, "दिगूऽ, हात लावू नको रे!"

"कशाला, आई?"

"झाडाला! कवळं पान हाय वर, मोडंल!"

फोनवर नणंदबाई विचारत होत्या, काय झालं? मी म्हणाले, "काही नाही, झाडानं तुमच्या भावाला कोंडलंय." त्यांनी फोन ठेवला. मी सासरच्यांशी कशी बोलते याबद्दल त्यांचं मत त्या दिवशी कायमचं झालं.

शब्बीरभाईंना आवाज दिला. त्यांनी दार ढकलून बघितलं, फटीतून डोकावून बघितलं, मग विचारलं, "साब अंदर हैं, या झाड?"

"दोन्ही!"

"पैले किसको निकालना?"

मी आणि आत्याबाई एकदम बोललो. मी "यांना" म्हणाले. त्या काय म्हणाल्या ते लिहीत नाही.

दार प्लास्टिकचं होतं. शब्बीरभाईंनी खालचा भाग कटरनं कापायला घेतला. आत पाणी किती साचलंय याचा विचार कुणीच केला नाही. मी तर नाहीच नाही. तुकडा सुटला मात्र, आतून काळ्या पाण्याचा लोंढा हॉलमध्ये शिरला! पालमला न्यायच्या पिशव्या, माझ्या चपला, मोरपंखी साडीचा काठ, सगळं एका क्षणात एका रंगाचं झालं. आणि त्या काळ्या पाण्यावर तरंगत, हेलकावे खात, सोनेरी, लाल, हिरवे, चमचमते कागद बाहेर येऊ लागले.

एक आला, दोन आले, मग थवाच आला. आंब्याच्या टॉफीचे, दुधाच्या चॉकलेटचे, संत्र्याच्या गोळीचे कागद. नीट घडी घालून बारीक केलेले, किमान दोन-तीनशे तरी.

इथं सांगायला हवं, की आत्याबाईंना साखरेचा आजार आहे. त्यांच्या साखरेची जबाबदारी माझ्याकडे. फ्रिजवर मी तक्ता लावलाय, साखरेचा डबा कुलपात ठेवते, कचऱ्याचा डबासुद्धा तपासते. तरीही साखर उतरत नाही म्हणून डॉक्टरांसमोर मी वर्षभर वेगवेगळ्या शास्त्रीय शंका मांडत होते. भातामुळे असेल, झोपेमुळे असेल, हवामान असेल. झाडाची माती तपासायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शब्बीरभाई छताकडे बघायला लागले. दाराच्या भोकातून आमचे हे रांगत बाहेर आले, नखशिखांत काळे, आणि कपाळाच्या मधोमध एक सोनेरी कागद चिकटलेला.

आत्याबाईंनी पायाजवळचा एक कागद उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बाई बाई बाई! आताशा मातीत बी भेसळ व्हायलीय!"

मला रागवायचं होतं, पण हसूच आलं. मग शब्बीरभाई हसले, मग हे. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या झाडाची पानं मोजत होत्या.

अकराची बस गेली. एकची धरली. भोकपान्याला घाईघाईत ड्रममध्ये उभं केलं, खाली विटा, वर हळदीचे गोळे, आणि पाणी भोकापर्यंत. पालमला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. पंगत चालू होती. आत्याबाईंनी माझ्याकडे सरळ बघत एक जिलेबी खाल्ली, मग दुसरी उचलली, जरा थांबल्या आणि परत ठेवली. मी ताटाभोवतीच्या रांगोळीचं निरीक्षण करत होते.

इथंच संपलं असतं तर ही नुसती गंमत होती. पण आठवड्याभरात भोकपान्याचं खालचं पान पिवळं पडलं. मग त्याच्या वरचं. मी शाळेतून आले की एक पान जमिनीवर असायचं. मी व्हिडिओ बघितले, पानांवर पाणी फवारलं, ड्रम उन्हात सरकवला, सावलीत सरकवला. वरचे गोळे कोरडे दिसतात म्हणून रोज आणखी पाणी घातलं. चौदा पानांची सहा झाली.

आत्याबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच सोसवेना. सकाळच्या बातम्या बंद झाल्या. त्या नुसत्या झाडाजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि पिवळं पान गळालं की पुसून उशीखाली ठेवायच्या. एकदा मी चादर बदलायला गेले तर उशीखाली आठ पानं निघाली. मी ती होती तशी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझ्या हातून मामंजी दुसऱ्यांदा जायला लागलेत, असं काहीतरी वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी मीच त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. "आत्याबाई, चुकलं माझं. परत मातीत लावू या का?"

त्यांनी ड्रमवर वाकून वास घेतला, दोन गोळे बाजूला केले आणि हात मनगटापर्यंत आत घातला. बाहेर काढला तेव्हा पाण्यानं निथळत होता.

"कुजल्याला वास यायलाय," त्या म्हणाल्या. "सोयाबीनमदी पाणी साचलं की काय व्हतंय?"

"पिवळं पडतं."

"मग? ते पिवळं पडल्यावर आमी आणखीन पाणी सोडताव का चर काढताव?"

मी ड्रममध्ये डोकावून बघितलं.

"तू म्हणली व्हतीस तळाला थोडं पाणी. हे थोडं हाय व्हय? गळ्याला आलंय की त्याच्या!"

मी टेप आणला, परत मोजलं आणि चूक दिसली. व्हिडिओतल्या बाईनं भोक खालून एक तृतीयांशावर पाडायला सांगितलं होतं. मी वरून मोजलं होतं. वरचा एक तृतीयांश कोरडा आणि बाकी सगळी विहीर! मुळांना हवा मिळावी म्हणून ज्या झाडाला मातीतून काढलं, त्याला मी तीन आठवडे पद्धतशीरपणे बुडवत होते.

शब्बीरभाई ड्रिल घेऊन आले. या वेळी खूण आत्याबाईंनी केली, वितीनं मोजून. पाणी भसाभसा निघालं. आत्याबाईंनी झाड उपसून कुजलेल्या मुळ्या विळीनं काढून टाकल्या, चांगल्या ठेवल्या आणि विटा फेकून देऊन नवे गोळे भरायला लावले.

"मैं उस दिन बी येइच बोल रहा था," शब्बीरभाई ड्रिलची वायर गुंडाळत म्हणाले.

"मग नीट सांगायचं ना!"

"कैसे बोलता, मॅडम? आप बोले, गणित बी पढाती मैं."

त्यानंतर चोविसाव्या दिवशी शेंड्यातून एक गुंडाळलेलं हिरवं टोक बाहेर आलं. आत्याबाईंनी ते सगळ्यांत आधी मला दाखवलं, हाक मारून. मग दोघींनी चहा घेतला. त्यांनी पदराची गाठ सोडून एक टॉफी काढली, दातानं तोडली आणि अर्धी मला दिली. "रोज अर्धी," त्या म्हणाल्या. "बाकी तुज्या तक्त्यापरमानं. कबूल?" मी कबूल म्हणाले. डॉक्टरांना विचारलं, तेही कबूल म्हणाले. मग फ्रिजवरचा तक्ता मी आत्याबाईंच्या हातात दिला. आता त्या स्वतःच भरतात, माझ्यापेक्षा कडकपणे. सकाळच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या, आणि आता मला झाडू घेऊन रेंगाळावं लागत नाही.

जिंतूर काही फार मोठं गाव नाही. ज्यांनी ड्रम पाहिला त्यांनी सांगितलं, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जास्त सांगितलं. शाळेत मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे माझा मान राखतात, असं मला वाटलं. मग घटक चाचणी आली. सातवीच्या पेपरात मी नेहमीचा प्रश्न घातला होता : "रोपाच्या मुळाशी पाणी साचून राहिल्यास काय होईल? कारण द्या." पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "मॅडमच्या घरी झालं तसं होईल. कारण मुळांना हवा मिळत नाही आणि मॅडमना सांगायची कुणाची हिंमत होत नाही."

प्रश्न दोन गुणांचा होता. दोन्ही दिले. शुद्धलेखनाचा अर्धा कापावा असं फार मनात होतं, पण चूकच सापडली नाही.